नसलेली जखीण

मला भुताची भीती कुणी घालू नका. माझा बाप देवरशी हाय, भुतं काढणारा. नेसरीत जाऊन ज्ञानू देवरशाचं घर विचारा, लहान पोरगंबी वाट दावंल. दुसऱ्यांच्या घरात पावणं येत्यात तशी आमच्या घरात भुतं यायची. सकाळी अंगण झाडायला जावं तर कोण ना कोण केस सोडून घुमत बसलेलंच. शाळेत पाढे कधी पाठ झाले न्हाईत माझे, पण भुतं सगळी पाठ.

मुंजा म्हंजे मुंज होऊन लगेच मेलेलं पोरगं. पिंपळावर बसतं, खोड्या काढतं, पण कुणाच्या जिवावर उठत न्हाय. समंध म्हंजे ज्याचा जीव घरादारात अडकलाय असला म्हातारा. आप्पा, म्हंजे माझा बाप, त्याला लई शिव्या द्यायचे, कारण कितीबी लिंबं कापा, तो हलायचं नाव घेत न्हाय. चकवा तर धड भूतबी न्हाय. माणसाला उसाच्या फडाभोवती गरगर फिरवायचं आणि उजाडलं की सोडून द्यायचं, एवढंच त्याचं काम. अळवंतीण बाळंतपणात गेलेली असते, तिच्यापुढं आप्पाबी जरा दबकून बोलायचे. आणि जखीण? जखीण म्हंजे नवरा जिवंत असताना, कपाळाला कुंकू घेऊन गेलेली बाई. ती नवऱ्याला धरत न्हाय बरं का. तो मोकळाच. ती धरते त्याच्या दुसऱ्या बायकोला.

ती दुसरी बायको म्हंजे मी, दीपा.

उचगावात आमचं घर हाय. मालकांचं, म्हंजे माझ्या नवऱ्याचं, नाव उदयसिंह. घराच्या मागंच त्यांचं लेथचं वर्कशॉप. पहिली बायको कागलची, तेजस्वी तिचं नाव. डेंग्यूच्या तापात गेली. वर्ष-दीड वर्षानं मला बघायला आले तवा सासूबाई, आक्का म्हणत्यात त्यांना सगळे, पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "पोरी, टाक घालावा लागंल हो." देवरशाची पोरगी म्हणून तर मला पसंत केली असंल. हिला सांगावं लागणार न्हाय, ही भ्यायची न्हाय, असा त्यांचा हिशेब.

टाक म्हंजे चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईचा आकार ठोकलेला. पहिलीच्या नावानं सोनाराकडनं करून घ्यायचा आणि दुसरीनं मंगळसूत्राच्या शेजारी गळ्यात घालायचा. म्हंजे जखीण रुसत न्हाय, छळत न्हाय. सणाला आधी तिला निवद, मग माझं ताट. नवं लुगडं आणलं तर आधी तिच्यापुढं ठेवायचं, हळदीकुंकू लावायचं, आणि मग मी नेसायचं. मालकांनी गेल्या दिवाळीला मला हिरवी साडी आणली. मी हात पुढं केला, तर साडी माझ्या हातावरनं आक्कांकडं गेली. "आधी तिला दाखवा," म्हणाले. नवी कोरी साडी, पण नेसताना मला ती कुणीतरी उतरून ठेवलेलीच वाटली.

भीती न्हाय हो वाटत मला तिची. राग येतो. जळते मी तिच्यावर, आणि ते सांगायला मला कुणाच्या बापाची चोरी न्हाय. जित्या सवतीशी भांडता तरी येतं. तिची भाजी खारट होते, ती जाड होते, म्हातारी होते, कधीतरी तोंड वर करून नवऱ्याशी भांडते आणि त्याच्या मनातनं उतरते. ही मेली ती मेलीच, वर कायमची सव्वीस वर्षांची. आक्का म्हणायच्या, "तेजूचा आवाज कधी वाढला न्हाय." अहो, वाढायला वेळ कुठं मिळाला तिला? मी असं म्हणून दाखवलं एकदा. दोन दिवस आक्का माझ्याशी बोलल्या न्हाईत.

आणि ते लोणचं! तिनं जायच्या आधी लिंबाचं लोणचं घातलंतं, भली मोठी चिनी मातीची बरणी भरून. लिंबाचं लोणचं जुनं होईल तसं मुरतं, काळं पडतं, औषधासारखं होतं. ती बरणी मालकांची. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय. रोज जेवायला बसले की स्वतः उठून जायचे, एक फोड काढायचे, झाकण लावायचे, फडकं बांधायचे. मी माझं वेगळं लोणचं घातलं. तीच लिंबं, तेच मीठ, प्रमाणसुद्धा आक्कांनी सांगितलेलं, तिचंच. मालकांनी चाखलं, "छान हाय" म्हणाले आणि वाटी हळूच बाजूला सारली. ती वाटी सारलेली बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या बाईच्या हातचं खाता तुम्ही चार वर्षं, आणि जितीच्या हातचं गळ्याखाली उतरत न्हाय?

तसा माणूस वाईट न्हाय. दारू न्हाय, मारणं न्हाय, शिवी न्हाय. "भूतबित काय नसतंय, थोतांड हाय सगळं" असं म्हणणारा. पण माझ्याशी बोलणं म्हंजे, "डबा झाला का?", "गॅस सांगितला का?", "झोप आता." माझ्या तोंडाकडं बघून बोललेला मला आठवत न्हाय. बघितलं तरी नजर गळ्याशी यायची. गळ्याशी ती.

गेल्या भाद्रपदात मी नेसरीला गेले आणि आप्पांना म्हणाले, "चला. तुमचं सगळं सामान घ्या, कोंबडं मी घेते. माझ्या घरातली जखीण काढून द्या. मला हा टाक गळ्यातनं काढायचाय."

आप्पांनी तंबाखू मळता मळता मला सगळं विचारलं. रात्री छातीवर बसते का? न्हाय. दूध नासतं का? न्हाय. स्वयंपाकात केस, खडे? न्हाय. अंगावर वळ? न्हाय. स्वप्नात तरी येते का?

"न्हाय ओ आप्पा. एकदाबी न्हाय."

आप्पांनी तंबाखू तोंडात टाकली. "मग तिथं जखीण न्हाय पोरी. ती बाई गेली. चांगली सुटून गेली. तुझ्या घरात भूतच न्हाय, तर काढू काय मी?"

"दुसऱ्या लोकांची काढता की! नसलेली काढता, मला काय माहीत न्हाय व्हय?"

"लोकांची काढतो," आप्पा म्हणाले. "पोरीला कसं फसवू?"

रडायलाच आलं मला. आयुष्यात एकदा बापाकडं काय मागावं, तर ह्यांना नेमकं तवाच खरं बोलायचं सुचलं! परतीच्या एसटीत खिडकीला डोकं लावून बसले आणि माझं डोकं चालायला लागलं. असलेलं भूत काढता येतं. त्याला विचारता येतं, त्याचं मागणं देता येतं, हात जोडून बोळवता येतं. नसलेलं भूत कसं काढणार? ते घरभर पसरलेलं असतं. बरणीत असतं, साडीत असतं, आक्कांच्या तोंडात असतं. मग त्याला आधी आणायला पायजे. एकदा सगळ्यांच्या देखत ती यायला पायजे, आणि तिनंच स्वतःच्या तोंडानं सांगायला पायजे की मी चालले, टाक पंचगंगेत सोडा, ह्या दीपाला सुखानं नांदू द्या.

आणि आणायला कोण लागतं? मी हायच की. शेकडो बायका घुमताना बघितल्यात मी. खरी कोण, खोटी कोण, मला लांबनं कळतं. खोटी पदर सावरत घुमते. खरीला पदराचं भान नसतं.

दिवस आयताच होता. पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी. अहेव गेलेल्या बाईचा तो दिवस, तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, साडीचोळी द्यायची. आक्का दर वर्षी तेजस्वीच्या धाकट्या बहिणीला, स्नेहलला, कागलहून बोलवायच्या. स्नेहल आली की घरात नुसता तेजूताईचा गजर. त्यातनंच मला कळलंतं की तेजस्वी नवऱ्याला लाडानं 'कारखानदार' म्हणायची. एका लेथ मशीनचा मालक, त्याला कारखानदार! आणि मालक म्हणे त्यावर हसायचे. ह्या घरात आल्यापास्नं मी त्यांना दात दाखवून हसताना बघितलं न्हाय.

नवमीला दुपारी पानं मांडली. सवाष्णीच्या पाटावर स्नेहल, पलीकडं मालक. पुरण, वडे, गवारीची भाजी, सगळं मी रांधलेलं. मालक उठून बरणीकडं गेले, फोड घेऊन आले, बसले. आक्कांनी स्नेहलची ओटी भरली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "तेजू, जेव बाई पोटभर."

म्हटलं, हीच वेळ. हातातलं तुपाचं भांडं मी सोडून दिलं. खाली बसले, केस सोडले आणि घुमायला लागले. आधी हळू, मग दणक्यात. पदर कुठं गेला बघितलं न्हाय.

"अगं बाई! झाडाला धरलं!" आक्का ओरडल्या. ज्याच्या अंगात येतं त्याला झाड म्हणत्यात आमच्यात. त्यांनी लगबगीनं माझ्या कपाळाला हळदीकुंकू थापलं. "कोण तू? का आलीस? काय पायजे सांग आणि झाडाला सोड."

मालक बसल्या जागेवरनं म्हणाले, "दीपा, काय चाललंय हे? उठ."

मी मान वर केली, त्यांच्याकडं बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "जेवताय न्हवं, कारखानदार?"

स्नेहल "तायडे!" म्हणून किंचाळली. तिच्याकडं माझं लक्ष नव्हतं. मालकांचा हात ताटातच राहिला. तोंडावरचा रंग उडाला त्यांच्या. मला आतनं हसू फुटत होतं, खोटं कशाला सांगू. थोतांड काय? बघ म्हणावं आता.

आक्का पाया पडल्या. "तेजू, काय राहिलंय बाई तुझं? काय मागायचं ते माग."

झालं! आता फक्त पाठ केलेलं बोलायचं होतं. मी बोलायला लागले, "आक्का, माझं काय राहिलं न्हाय. मी सुटले. आता माझा टाक..."

तेवढ्यात मालक उठले. ताट ओलांडून आले. खरकट्या हातानं तसेच माझ्यापुढं खाली बसले आणि दोन्ही हातांनी माझे हात धरले. आईच्या देखत, मेव्हणीच्या देखत. लग्नातल्या हातावर हात सोडला तर असे हात कधी धरले नव्हते त्यांनी माझे.

"जाऊ नगंस," म्हणाले.

माझं पाठ केलेलं सगळं पळालं.

"तेजू, त्या सांजंला तू म्हणालीस, थोडा वेळ बसा. मी म्हणालो, जॉब द्यायचाय, आलोच. आलोच म्हणून गेलो गं मी. दवाखान्यातनं फोन आला तर मशीनच्या आवाजात ऐकू आला न्हाय. रोज मशीन लावताना मला तुझं 'बसा' ऐकू येतं." दांडगा गडी, पण हुंदके देत होता. "रागावलीस व्हय माझ्यावर?"

माझ्या तोंडाकडं बघत होते. गळ्याकडं न्हाय, तोंडाकडं. त्यांच्या डाव्या डोळ्याखाली तीळ हाय, हे मला त्या दिवशी कळलं. इतक्या जवळनं त्यांनी कधी बघूच दिलं नव्हतं. त्या घडीला मला त्यांची इतकी माया आली की काय सांगू, आणि तिचा इतका राग आला की दात कराकरा वाजले. आक्कांना वाटलं भूत खवळलं. भूत न्हाय ओ, मी खवळलेते. हे डोळे हिच्यासाठी? हे हात हिच्यासाठी? मी इथं रोज भाकरी थापत असते की, मला कधी एक शब्द न्हाय!

'व्हय, रागावले' म्हणायचं अगदी जिभेवर आलंतं. म्हटलं असतं तर तो माणूस तिथंच मोडला असता. पण हात घट्ट धरलेले होते. मी म्हणाले, "न्हाय ओ कारखानदार. तुमच्यावर कशाला रागवीन मी?"

ते माझ्या हातांवर कपाळ टेकून रडले. मग लहान पोरानं तक्रार सांगावी तसं म्हणाले, "तेजू, लोणचं तळाला आलंय गं."

आता म्हणायचं होतं. आता तरी म्हणायचं होतं, 'संपू दे, मी चालले, दीपाच्या हातचं खावा.' शपथ घेऊन सांगते, मी तोंड उघडलं ते हेच म्हणायला. आणि माझ्याच कानानं ऐकलं मी काय म्हणाले ते.

"मी येते की घालायला. अमावस्येला लिंबं आणून ठेवा."

आक्कांनी पाण्याचा हबका मारला आणि मी आडवी पडले. नियमच हाय तसा, भूत गेलं की झाड पडतं. डोळे उघडले तर मालक माझ्याकडंच बघत होते. हात अजून त्यांच्या हातात होते. त्यांनी विचारलं, "गेली?"

मी म्हणाले, "कोण गेली? काय झालं मला?"

त्यांनी हात सोडले. उठले, मोरीत जाऊन हात धुतले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

सर्वपित्री अमावस्येला सकाळीच मालक स्वतः बाजारातनं लिंबं घेऊन आले. पातळ सालीची, पिवळीधमक, एक एक निवडून आणलेली. मला भाजीसुद्धा कधी आणून दिली न्हाय ह्या माणसानं. वर्कशॉप बंद ठेवलं. आणि ती आली. म्हंजे मी आणली. केस सोडून मी लिंबं चिरली, मीठ घातलं, तिखट कालवलं, आणि मालक समोर पाटावर बसून माझ्याशी बोलत होते. मशीन किती जुनी झाली, आक्कांचे गुडघे कसे दुखतात, स्नेहलच्या नवऱ्यानं कुठली गाडी घेतली. सगळं सांगत होते. एकदा तर हसलेसुद्धा. पुढचा एक दात वाकडा हाय त्यांचा.

तेवढ्यात म्हणाले, "दीपा चांगली पोरगी हाय गं. बिचारीशी मला बोलताच येत न्हाय."

मी तिखट कालवत राहिले. माझंच कौतुक, आणि ऐकायला मी घरात न्हाय.

दिवाळी झाली, लोणचं मुरलं. मालकांनी नव्या बरणीतनं फोड काढली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. "हीच," म्हणाले. "आक्का, हीच चव. तिच्याशिवाय कुणाला जमायचं न्हाय." शेजारीच माझी बरणी होती. तीच लिंबं, तेच मीठ, हाच हात. मी दोन्ही बरण्या चाखून बघितल्या. काडीचा फरक न्हाय. आणि खरं सांगते, त्या नव्या बरणीवर मी पहिलीपेक्षा जास्त जळले. ती माझ्या हातची असून तिची होती.

एक दिवस मला वाटलं, बघू तरी. दुपारी वर्कशॉपच्या दारात डबा घेऊन गेले. केस बांधलेले, पदर डोक्यावर, शुद्धीत. हसून म्हणाले, "ओ कारखानदार, जेवायला चला की."

मशीन बंद झालं. मालक वळले. त्यांचं तोंड बघून माझं हसू तिथंच गोठलं.

"तसं म्हणू नगंस," म्हणाले. "ते तिचं हाय."

डबा ठेवून मी माघारी आले.

आता दर अमावस्येला ती येते. आक्का आदल्या दिवशीच पाट घासून ठेवतात. मालक दाढी करतात, धुतलेला सदरा घालतात. मधी गावात कुणाच्या पोराच्या बारशाला गेलेते, तवा टाकाचा धागा झिजून तुटला आणि टाक कुठं पडला कळंना. नवमीच्या आधी असतं तर मी साखर वाटली असती. पण चपला न घालता उन्हात सगळी गल्ली पालथी घातली, गटारात हात घातला, मिळाला तवा पदरानं पुसून कपाळाला लावला. तिथल्या तिथं नव्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला.

परवा आप्पांचा फोन आला. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंतं. आवाज गंभीर होता.

"पोरी, तुझ्या घरात जखीण यायला लागली म्हणं. मीच चुकलो तवा. उद्याच येतो, काढून टाकतो तिला."

समोर मालक ओसरीवर उभं राहून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते, अमावस्या कधी हाय ते. मी फोन कानाला गच्च धरला आणि आत वळले.

"येऊ नका आप्पा," म्हणाले. "ती गेली तर हे माझ्याशी बोलायचे न्हाईत."